पंधरा वर्षांचा विराम

मृण्मयी तिरोडकर सेहेचाळीस वर्षांची झाली त्या वर्षी तिचं अंडाशय एकतीस वर्षांचं होतं. कुडाळच्या दवाखान्यात सोनोग्राफी करणारी मुलगी दर वर्षी हे असंच काहीतरी सांगायची, आणि दर वर्षी तितक्याच कौतुकानं. "मॅडम, तुमचं म्हणजे अगदी जसंच्या तसं आहे हो. परवा ठेवलं आणि आज काढलं असं." मृण्मयी पोटावरची जेल पुसायची, थोडं हसायची, आणि गोळ्यांची नवी पाकिटं पर्समध्ये कोंबून केंद्रावर परत यायची.

गोळीचं नाव 'विराम'. तिच्या पिढीतल्या निम्म्याअधिक बायका ती घेत होत्या, आणि ही गोळी मुळात एका गांधीलमाशीच्या पोटातून आली आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक होतं. मृण्मयीला ठाऊक होतं, कारण ज्या कौलारू इमारतीत तो शोध लागला, तिथेच ती पंचविसाव्या वर्षापासून काम करत होती.

निवतीच्या अलीकडे, खाडीच्या काठी माडांच्या बागेत ते मित्रकीटक केंद्र होतं. माडाच्या झावळ्यांना खालच्या अंगानं काळ्या डोक्याची अळी लागते. ती पातीचा हिरवा भाग खरवडून खाते, आणि लांबून पाहणाऱ्याला बाग जळून गेल्यासारखी दिसते. या अळीची वैरीण म्हणजे ही गांधीलमाशी. नाव मोठं, पण अंगानं मुंगीएवढी, काळी, माणसाला न डसणारी. मादी अळीला नांगी मारून लुळी करते, तिच्या अंगावर अंडी घालते, आणि मग उडून जात नाही. तिथेच बसून राहते. पिल्लं अळी खाऊन मोठी होईपर्यंत, कोष विणेपर्यंत, मुंग्यांना आणि दुसऱ्या माद्यांना हुसकावत राखण करते. हे मृण्मयीनं पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा ती त्या दिवशी डबा खायची विसरली होती.

पण अळीच सापडली नाही तर? पिकलेलं अंडं हा त्या इवल्या जिवाच्या अंगातला सर्वांत मोलाचा ऐवज. तो वाया घालवणं तिला परवडत नाही. मग तिचं शरीर पिकलेली अंडी परत विरघळवून रक्तात घेतं, त्या बळावर ती आणखी काही दिवस तग धरते, आणि न पिकलेली अंडी झोपवून ठेवते. ही झोप आणणारं एक प्रथिन केंद्राचे प्रमुख डॉ. मालशे यांनी वेगळं काढलं. त्याची एक लांबची बहीण माणसाच्या अंडाशयातही सापडली.

बाई जन्माला येते तीच आपली सगळी कच्ची अंडी घेऊन. वयात आल्यावर दर महिन्याला त्यांतली मूठभर जागी होतात, एखादं पिकतं, बाकीची मरतात. असं करत करत पन्नाशीच्या आसपास कोठार रिकामं होतं. विराम त्या मुठीला जागंच होऊ देत नसे. पाळी थांबे. हाडांना आणि मनाला लागणारी संप्रेरकं गोळीतूनच मिळत. गोळी बंद केली की दोन-तीन महिन्यांत सगळं पुन्हा सुरू, जणू मधली वर्षं गेलीच नाहीत.

गोळी आली आणि घराघरातलं एक वाक्य नाहीसं झालं. 'वय निघून चाललंय' असं मुलींना कोणी म्हणेना. त्याच्या जागी दुसरं आलं, 'घाई काय आहे?' मृण्मयीच्या घरात ते पहिल्यांदा कौस्तुभ म्हणाला. लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तो समुद्रातल्या पवनचक्क्या दुरुस्त करणारा इंजिनियर, आधी तमिळनाडूच्या किनाऱ्यापलीकडे आणि मग डेन्मार्कला. दोन महिने तिकडे, तीन आठवडे घरी. "एवढं कंत्राट संपू दे," तो म्हणाला, "घाई काय आहे?" पुढच्या खेपेला मृण्मयी म्हणाली, कारण तिचा प्रबंध चालू होता. मग तिचे वडील आजारी पडले आणि गेले. मग त्याला बढती मिळाली. प्रत्येक कारण खरं होतं. नंतर नंतर कारण सांगायचीही गरज उरली नाही.

पंधरा वर्षांनी, एका मार्चमध्ये, कौस्तुभ दोन मोठ्या बॅगा घेऊन कायमचा घरी आला. केस पांढरे झाले होते, गुडघा दुखत होता, आणि तो अतिशय आनंदात होता. त्यानं परसातला पंप दुरुस्त केला, माडांभोवती पाण्याची आळी केली. आठ दिवसांनी बांगड्याचं तिखलं ढवळता ढवळता तो म्हणाला, "मृणू, आता गोळी बंद करूया ना?"

ती कांदा चिरत होती. "करूया की," ती म्हणाली.

पण तिनं बंद केली नाही. आज करू, उद्या करू असं म्हणत ती रोज सकाळी चहाबरोबर गोळी घेत राहिली. विसरून नव्हे. प्रत्येक वेळी तिला कळत होतं. भीती वाटत होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. आत हात घालून पाहिलं की तिथे काहीच नव्हतं. राग नाही, हौस नाही, घोर नाही. मूल या शब्दाभोवती तिचं मन नुसतं वळसा घालून पुढे जात होतं.

त्याच उन्हाळ्यात आचऱ्याहून एका बागायतदाराचा फोन आला. "मॅडम, तुमच्या माशांना झालंय काय? सोडल्या की पातीवर बसून राहतात. अळी शेजारी असते आणि या पाय पुसत बसतात."

अळीचा जोर उन्हाळ्यात येतो, पण माशा केंद्रात वर्षभर तयार होतात. म्हणून त्यांना तेच झोपेचं प्रथिन मधातून पाजून थंड खोलीत साठवून ठेवायची पद्धत पडली होती. आधी साठवण थोड्या दिवसांची असे. पुढे मागणी वाढली तशी ती लांबत गेली. मृण्मयीनं निरनिराळ्या मुदतीच्या माशा काढल्या, प्रत्येकीला काचेच्या नळीत एकेक जिवंत अळी दिली आणि पाहत बसली. थोड्या मुदतीच्या माशा आधी गोंधळल्या आणि मग कामाला लागल्या. पण एका मर्यादेपलीकडे साठवलेल्या माशा अळीच्या अंगावरून चालत पलीकडे जात. नळीच्या तोंडाशी लावलेला मध खात, मिशा साफ करत, बसून राहत.

अंडी खराब झाली असतील, असं कोणालाही वाटलं असतं. तिनं काही माशांची पोटं उघडून पाहिली. अंडाशयं पिकलेल्या अंड्यांनी भरलेली होती, मोत्यासारखी. वास येत नसेल म्हणून मिशांची तपासणी केली. अळीच्या विष्ठेचा वास येताच मिशांतून मेंदूकडे संदेश नीट जात होता. वास येत होता, अंडी होती, अळी समोर होती. आणि माशीला ती नको होती.

मृण्मयी सूक्ष्मदर्शकापासून उठली आणि हात धुवायला गेली. नळ सोडला, आणि सकाळी चहाबरोबर घेतलेली गोळी तिला आठवली.

डॉ. मालशे आता सत्तरीला आले होते, पण रोज केंद्रावर येत. तिनं सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्यांनी शांतपणे वाचलं, चष्मा काढला.

"मृण्मयी, तू कुठे निघाली आहेस ते मला दिसतंय. पण माशी म्हणजे बाई नव्हे."

"नाही ना, सर. पण गोळीतलं प्रथिन तिचंच आहे."

"बाईला मूल नको वाटायला हजार कारणं असतात. नोकरी, नवरा, घर, जग. कित्येकींना कधीच नको असतं, आणि त्यात वावगं काही नाही. त्यातून गोळीचा भाग तू वेगळा कसा काढणार?"

"तेच म्हणते मी. वेगळा काढता येत नाही. जिला नको वाटतंय, तिलासुद्धा काढता येत नाही."

मालशेंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. ती कोणाबद्दल बोलते आहे हे त्यांना कळलं असावं. ती गोळी तिला पहिल्यांदा त्यांनीच आणून दिली होती, अभिमानानं, पेढ्यांबरोबर. "लिही," ते शेवटी म्हणाले. "माझंही नाव घाल. लोक मला शिव्या देतील, पण निदान वाचतील तरी."

कौस्तुभला सांगणं जास्त अवघड होतं. तो मागच्या पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होता. तिनं माशांपासून सुरुवात केली, कारण तिथून बोलणं सोपं होतं. तो ऐकत गेला. मग हातातलं सूप खाली ठेवून त्यानं विचारलं, "म्हणजे तुला मूल नको आहे, की गोळीला नको आहे?"

"मला माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? तुझंच मन ना?"

"ते मला ज्या मनाला विचारायचं आहे, त्यानंच पंधरा वर्षं गोळी घेतली आहे, कौस्तुभ."

त्यानं सूप पुन्हा उचललं. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मग थांबव," तो म्हणाला. "एक वर्ष थांबव. तुला आपणहून वाटेपर्यंत मी विषय काढणार नाही."

तिनं त्या दिवशी गोळी थांबवली. पावसाळा सरता सरता तिची पाळी परत आली. सेहेचाळिसाव्या वर्षी दुकानात पॅड मागताना तिला सोळा वर्षांच्या मुलीसारखं लाजल्यासारखं झालं. पोटात दुखलं, चिडचिड झाली, एकदा कारण नसताना रडू आलं. शरीर ठरल्याप्रमाणे सगळं करत होतं. ती वाट मात्र वेगळ्याच गोष्टीची पाहत होती. शाळेच्या फाटकाशी ती मुद्दाम थांबायची, बसमध्ये कोणाच्या कडेवरचं मूल हसलं तर आपल्या छातीत काही हलतं का ते पाहायची. असं स्वतःवर पाळत ठेवणाऱ्या माणसाच्या छातीत काय हलणार?

दिवाळीनंतर कौस्तुभच्या भाचीच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्यातून काढून कोणीतरी ते बाळ मृण्मयीच्या हातात दिलं. गरम, दुधाचा वास, मूठ तिच्या साडीच्या काठाला घट्ट धरलेली. छान होतं बाळ. तिनं त्याच्या टाळूवर हलकेच बोट फिरवलं, दोन शब्द बोलली आणि बाळ त्याच्या आईला परत दिलं. मान वर केली तेव्हा खांबाजवळ उभा असलेला कौस्तुभ तिच्याकडे पाहत होता. त्यानं चटकन नजर वळवली आणि कोणाशी तरी जेवणाच्या पंगतीबद्दल बोलू लागला.

ती कुडाळला आईकडे गेली. आई शहात्तर वर्षांची, एकटीच राहायची, वालीच्या शेंगा निवडत बसलेली. मृण्मयीनं तिला सगळं सांगितलं. आईनं मान न उचलता ऐकून घेतलं.

"माका कोणी इचारूक नाय," ती म्हणाली. "लगीन झाला, वर्सात तू झालंस. पयल्या म्हयन्यात तुका बघून माका रडाक येय. ह्या काय गळ्यात पडला म्हणून."

"मग?"

"मगे काय? होया असा कधी झाला, ता कळाक नाय."

बसनं परत येईपर्यंत मृण्मयी त्या वाक्यापाशीच होती: हवंसं कधी झालं, ते कळलंच नाही. आईचं खरं असेल. मूल आधी आणि माया मागाहून, असंच जग चालत आलं होतं. पण आईच्या बाबतीत मागाहून येणारी वाट उघडी होती. आपली उघडी आहे का, हे कळायला एक अख्खं माणूस जन्माला घालून पाहायचं? आणि नाहीच आली माया तर? त्या मुलाला काय सांगायचं, की तू एक प्रयोग होतास?

केंद्रात जादा मुदतीच्या काही माशा उरल्या होत्या. तिनं प्रथिन पूर्ण बंद करून त्यांना अळ्या, पाती, ऊन, सगळं दिलं होतं. त्या मरेपर्यंत मजेत जगल्या. एकही अळीकडे वळली नाही. मी माशी नाही, हे ती स्वतःला बजावत असे. ते खरंही होतं, पण त्यानं काही सिद्ध होत नव्हतं.

वर्ष झालं तेव्हा कौस्तुभनं आठवण करून दिली नाही. तिनंच एका दुपारी, जेवणं झाल्यावर, ताटं तशीच असताना सांगितलं. "मला अजून नको आहे. ते माझं आहे की गोळीचं, मला कळलेलं नाही, आणि आता कळेल असं वाटत नाही. पण ते आहे. आणि हे असं असताना मी मूल होऊ देणार नाही."

"मी एकट्यानं सांभाळेन म्हटलं तर? तू नुसती..."

"तू सांभाळशीलच. पण ते माझ्याकडेही बघेल ना, कौस्तुभ. रोज."

त्यानं ताटातल्या काट्यांची एक रेघ केली. मग म्हणाला, "इतकी वर्षं पाण्यात उभ्या त्या खांबांवर चढताना मी एकच विचार करायचो. घरी जाऊ, मूल असेल. मीच घाई काय आहे म्हणालो गं. मीच म्हणालो."

"दोघं म्हणालो," ती म्हणाली.

त्यांच्यात आरडाओरडा झाला नाही. पुढच्या पावसाच्या आधी तो कोचीला गेला. पवनचक्क्यांची माणसं घडवणाऱ्या एका संस्थेत शिकवायला. घटस्फोटाची कागदपत्रं नंतर झाली. जाताना त्यानं पंप पुन्हा एकदा उघडून पाहिला, वॉशर बदलला, आणि बिघडला तर कोणाला बोलवायचं ते तिला दोनदा सांगितलं.

घर मोठं झालं. मृण्मयी एकाच ताटाचं वाढून घेई आणि पेपर समोर धरून जेवत असे. रविवारी कोणाचा आवाज कानावर पडावा म्हणून बाजारात जाई, नको असलेली भाजी घेई. केंद्रात लोक तिच्याशी जपून बोलू लागले होते, कारण लेख प्रसिद्ध झाला होता आणि गदारोळ उठला होता. गोळी बनवणाऱ्यांनी म्हटलं, कीटकावरून स्त्रियांचा निष्कर्ष काढणं हास्यास्पद आहे. ज्यांना मुलींनी चूल-मूल सांभाळावं असं वाटायचं, त्यांनी तिचा लेख झेंड्यासारखा नाचवला. ते तिला जास्त लागलं. मी कोणाला आई व्हा म्हटलेलं नाही, एवढंच ती विचारणाऱ्यांना सांगत राहिली. नको म्हणणारीला आपलं नको आपलंच आहे याची खात्री हवी, इतकंच.

आणि ती काम करत राहिली. साठवलेल्या माशांना मधूनमधून प्रथिनाचा खाडा पाडला, चार दिवस जागं होऊ दिलं, अळीच्या जाळ्याचा वास दिला आणि पुन्हा झोपवलं, तर? पहिल्या वर्षी निकाल अर्धवट आला. दुसऱ्या वर्षी लख्ख आला. मधून मधून जाग्या केलेल्या माशा कितीही साठवल्या तरी सोडल्याबरोबर अळीकडे झेपावत होत्या. काही झेपावत नसत, पण ताज्या माशांतल्याही काही झेपावत नाहीतच. जिला नको, तिला नको. ते तिचं.

मालशे तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. तिनं त्यांना आकडे वाचून दाखवले. त्यांनी तिचा हात थोपटला. "उशीर झाला का गं?" त्यांनी विचारलं. कोणाला, ते त्यांनी म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

बायकांवरच्या चाचण्या दुसऱ्यांनी केल्या, दोन देशांत. त्यांतून पक्कं काहीच निघालं नाही, कारण बाईच्या मनाला काचेच्या नळीत घालता येत नाही. पण शंका उरली, आणि शंकेपुरता नियम बदलला. विराम घेणाऱ्या प्रत्येकीनं वर्षातून दोन महिने गोळी बंद ठेवायची. मुली त्याला 'सुट्टी' म्हणू लागल्या. केंद्रातली नवी संशोधक, ईशा सामंत नावाची चटपटीत मुलगी, एक दिवस मृण्मयीच्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "मॅडम, मी सुट्टीवर होते. आणि मला कळलं, मला खरंच नकोय. आता कधीच नकोय. मोकळं वाटतंय." मृण्मयीला तिचा फार हेवा वाटला. ती "छान" एवढंच म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

बावन्नावं वर्ष लागल्यावर एका सकाळी ती पाती खुडून आणायला बागेत गेली असताना फोन वाजला. कौस्तुभ. चार वर्षांत तो तीनदा बोलला होता, तेही घराच्या कागदांसाठी. दुसरं लग्न केल्याचं त्यानं त्यातल्याच एका फोनवर सांगितलं होतं. त्याची बायको तिथल्या शाळेत शिकवते, एवढं मृण्मयीला माहीत होतं.

"मृणू," तो म्हणाला. "मुलगी झाली. पहाटे. तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून."

"अरे वा. दोघी बऱ्या आहेत ना?"

"आहेत. ही रडतेय बघ कशी. थांब."

त्यानं फोन पुढे धरला असावा. लांबून चमच्यांचा, पावलांचा आवाज आला, आणि मग एकदम जवळून एक बारीक, संतापलेलं, नवंकोरं रडणं. मृण्मयीनं फोन कानाशी घट्ट धरला. डोळे मिटले. पुन्हा एकदा, आता कसलीच मुदत नसताना, कोणी पाहत नसताना, ती आत डोकावली आणि थांबली.

तिथे काहीतरी हललं. इतक्या जोरानं की तिनं माडाला हात टेकला. सगळं जिवंत होतं तिथे. हवंसं वाटणं मेलेलं नव्हतं.

तिला मूल नको होतं. त्या रडण्याच्या मागून, "अगं हो, हो, हो," असं लेकीला समजावणारा कौस्तुभचा जो दमलेला, हरखलेला आवाज येत होता, तो तिला हवा होता.

"ऐकलंस?" कौस्तुभनं विचारलं.

"ऐकलं," ती म्हणाली. "आवाज खणखणीत आहे. जा आता, ती दमली असेल, तिच्याजवळ जा."

त्यानं फोन ठेवला. वर झावळ्या सळसळत होत्या. मृण्मयीनं पाटी उचलली, खुडलेली पाती तिच्यात भरली, आणि ती केंद्राकडे चालू लागली.